उंदरांचे नर आणि माझी पीएचडी

६ जानेवारी. सकाळी १०.
पीएचडीचं सातवं वर्ष. शेवटची मुदतवाढ मार्चअखेर. पुरे. उंदरांच्या अंडाशयाविरुद्ध सशाच्या रक्तात अँटीबॉडीज तयार केल्यात. उंदराच्या मादीला टोचल्या की अंड्याच्या आवरणाला चिकटणार, शुक्राणू बाहेरच ताटकळणार. फलन बंद! हे समजण्याइतकं डोकं डिपार्टमेंटमध्ये दुसऱ्या कुणाला नाही.

८ जानेवारी.
वीस माद्या. दहांना अँटीबॉडी, दहांना अँटीबॉडी नसलेलं साधं सिरम. प्रत्येकीसोबत एक नर. उंदरं सांभाळणारा जोतीराम म्हणाला, "नर मी काढून देतो की सर." सातवी पास माणूस मला नर दाखवणार! मोठ्या पिंजऱ्यातले वीस रुबाबदार मीच उचलले.

२९ जानेवारी.
अँटीबॉडीवाल्या दहाही सपाट. एक पिल्लू नाही. शंभर टक्के! गाइड अमरसिंह सरांना सांगून सोमवारी सेमिनार. शाहूपुरीतून पेढे आणले.

३० जानेवारी.
हुपरीहून एसटीनं येणारी ज्युनिअर, संयोगिता. म्हणे, "साध्या सिरमवाल्यांना किती पिल्लं झाली, सर?" कीव येते अशा किरकोळ बुद्धीची. तरी बघितलं. शून्य. म्हणजे अँटीबॉडी हवेतून पसरते. आणखी मोठा शोध! स्लाइड वाढवली.

२ फेब्रुवारी.
हवेच्या स्लाइडवर सरांनी चष्मा काढला. पिंजरे मागवले. जोतीरामनं एकेक शेपटी उचलली. "ही मादी. ही बी मादीच. सर, चाळीसच्या चाळीस माद्या हायत. पिल्लं कशी हुतील?" हॉल हसला. अडाणी लोक लवकर हसतात. पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

३ फेब्रुवारी.
सर म्हणाले, "कल्पना चांगली आहे. पण तुम्ही पिंजऱ्याला हात लावू नका. संयोगिता करेल." बरंच झालं. मी देखरेख करेन. दुपारी देखरेखीला गेलो. दाराला कुलूप.

२६ फेब्रुवारी.
साध्या सिरमच्या दहापैकी नऊ व्याल्या. अँटीबॉडीच्या दहापैकी एकच. म्हणजे मीच बरोबर होतो! संयोगिताला सांगितलं. "व्हय सर," म्हणाली आणि पिल्लं मोजत बसली.

३१ मार्च.
मुदतवाढ नामंजूर. परिषदेची पुस्तिका आली. पेपर संयोगिताचा. शेवटी आभार. आधी जोतीराम, मग मी. माझं आडनाव चुकलंय. संयोगिताला म्हणालो, दुरुस्त कर.
म्हणाली, छापून झालं, सर.