भडक्याचा भाव

४ जानेवारी, शनिवार

दोन गोल! दोन्ही आपल्या नऊ नंबरचे, म्हणजे भडक्याचे. दुसऱ्या वेळी समोरचा गोलकीपर जागचा हललाच नाही, नुसता बघत राहिला बिचारा. मी कपडेघराच्या खिडकीतून एवढ्या जोरात ओरडले की इस्त्री शर्टावर तशीच राहिली. कोचचा शर्ट होता. डाग पडलाय. उद्या बघू.

मग ऐंशीव्या मिनिटाला पंचांशी हुज्जत, पिवळं कार्ड, आणि रागाच्या भरात स्वतःचाच शर्ट टराटरा! ह्या मोसमातला पाचवा. शिवायचा कुणी? मी.

सामना संपल्यावर नेहमीचंच. भडकासाहेब ड्रेसिंग रूमचं दार लावून आत. बाकीचे सगळे बसमध्ये, बस अर्धा तास उभी. पोरांना घरी सोडणारी ही क्लबची बस आमचे हे चालवतात. घरी येऊन माझ्यावर चिडले — जसं काही मीच त्याला आत कोंडलं होतं!

५ जानेवारी, रविवार

कालच्या सामन्याच्या कपड्यांची थैली धुतली. अठरा जण, छत्तीस मोजे, एकही उलटा नाही.

ज्यानं हे काम केलं नाही त्याला ह्यातली मजा कळायची नाही. पोरं मोजा पायातून ओढून काढतात, तो उलटा होतो, त्याचा चिखलासकट गोळा होतो. तो ओला गोळा बोटं घालघालून उलगडायचा. आत खडे, गवत, काय वाट्टेल ते. सोळा वर्षं केलं मी हे. दीड वर्षापूर्वी बोटांना इतक्या भेगा पडल्या की पट्ट्या बांधून धुवत होते. एक दिवस डोकं फिरलं आणि ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर पाटी ठोकली — मोजे सरळ करून टाका, मावशीला दोनच हात आहेत.

पंधरा दिवसांत सुधारले! मधे ऑक्टोबरात दोन सामने पुन्हा घसरले होते. आत जाऊन एकेकाची अशी काढली की तिसऱ्या सामन्याला सगळे ताळ्यावर. कोचला जे जमलं नाही ते मी करून दाखवलं. बोटंही बरी झाली.

८ जानेवारी, बुधवार

क्लबमध्ये एकच गडबड. मोठ्या क्लबला आपला भडका हवाय! बदल्यात तीन खेळाडू द्यायला तयार आहेत — दोन तयार बचावपटू आणि एक गोलकीपर. शिवाय त्याला तीन वर्षांचा करार. एकाला तीन! ऑक्टोबरात पंचांना ढकलून दोन सामन्यांची बंदी ओढवून घेतली होती, तरीसुद्धा हा भाव.

हे म्हणाले, "चला, बस आता वेळेवर सुटेल." ह्यांना बसच्या पलीकडे काही दिसत नाही. मला मात्र इतका अभिमान वाटला की सांगता सोय नाही. त्याच्या पाठीवरचा तो नऊ आकडा दोनदा मीच शिवून पक्का केलाय.

१४ जानेवारी, मंगळवार

आज मोठ्या क्लबचा माणूस आला होता. जाड चष्मा, हातात वही. ऑफिसात चहा पिऊन जाईल असं वाटलं, तर थेट माझ्या कपडेघरात! म्हणाला, "खेळ बघून झालाय. आता माणूस बघायचाय. आणि माणूस कसा आहे ते कपडे धुणाऱ्याला बरोबर माहीत असतं."

सोळा वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी खुर्ची पुसून दिली.

सांगितलं सगळं. खेळतो म्हणजे काय खेळतो! पण राग नाकावर. पाच शर्ट फाडले. कुणाशी धड बोलत नाही. सामना झाला की दार लावून बसतो, सगळ्यांचा खोळंबा. मग मी टोपली ओढून त्याच्यापुढे ठेवली. "शिस्त बघायचीय ना? ही बघा. छत्तीस मोजे, सगळे सरळ! माझी पोरं आहेत ही."

"आणि त्याचे?" त्यानं विचारलं.

"त्याचेही सरळ असतात," मी म्हटलं. "बाकीच्यांचं बघून करत असेल. एरवी तो कुणाचं ऐकतो?"

त्यानं लिहून घेतलं. खाली रेघ मारली.

१५ जानेवारी, बुधवार

आधी मला विचारलं, मग कोचला! ह्यांना तीनदा सांगून झालं.

२३ जानेवारी, गुरुवार

सौदा झाला. तिघांच्या जागी एकच बचावपटू, तोही तिशी उलटलेला. आणि भडक्याला तीन वर्षं नाही — सहा महिने. "वागणूक बघून पुढचं ठरवू." कागदावर असंच लिहिलंय म्हणे.

जेवताना हे म्हणाले, "तू काही बोललीस का गं त्या माणसाजवळ?"

"खरं तेच बोलले," मी म्हटलं.

खरंच तर होतं! तरी अर्ध्या भाकरीवरच उठले. दोन गोल एकट्यानं मारणाऱ्या पोराची किंमत एक थकलेला गडी? माझ्या बोलण्यानं नसेल झालं. वहीत आणखीही बरंच काही असेल.

२९ जानेवारी, बुधवार

भडका निरोप घ्यायला आला. दीड वर्षात पहिल्यांदा कपडेघराच्या आत. उंबऱ्याशी इतका वेळ उभा राहिला की मीच म्हटलं, "ये की, इथे पंच नाहीत."

हसला! मला वाटायचं ह्याला दातच नाहीत.

म्हणाला, "मावशी, बोटं बरी आहेत ना आता?"

मी चकित. "तुला कुणी सांगितलं माझ्या बोटांचं?"

"मी नवीन आलो तेव्हा पट्ट्या होत्या. पहिला शर्ट दिलात, त्याच्या बाहीला रक्ताचा ठिपका होता."

मी हात पुढे करून दाखवले. एक भेग नाही. त्यानं नीट बघितले, डॉक्टर बघतो तसे, आणि मान हलवली. मी म्हटलं, "तिथे तरी शर्ट फाडू नकोस बाबा. तिथली मावशी शिवेलच असं नाही."

"सामन्यानंतर डोकं फार तापतं," तो म्हणाला. "हाताला काहीतरी काम लागतं. मग उतरतं."

म्हणजे शर्ट फाडायचं काम! पाया पडायला वाकला तर मी पाठीत धपाटा घातला. तो गेल्यावर बराच वेळ मशीन चालू करायचं सुचलं नाही. आपला पोरगा मोठ्या मैदानावर चाललाय, सहा महिन्यांसाठी का होईना!

१ फेब्रुवारी, शनिवार

त्याच्याशिवाय पहिला सामना. बरोबरी. दहा मिनिटांत सगळे बसमध्ये, बस वेळेवर. हे खूश.

थैली ओतली. छत्तीस मोजे. छत्तीसच्या छत्तीस उलटे.

पाटी जागच्या जागी आहे. जाऊन बघून आले.

त्या चष्मेवाल्याचा नंबर ऑफिसात असेल. सोमवारी दार उघडल्याबरोबर जाणार. त्याला सांगणार — मी तुमच्यापुढे टोपली ठेवली होती ना, ती शिस्त एकट्या त्याची होती.