गाढव, शेळी, मांजर

माघ शुद्ध ११, फसली १३४६. लातूर

बोलून बसलो. आता निस्तरायचं.

परवा नांदेडला लग्नात, जेवणं झाल्यावर शेषेराव वकील सगळ्यांसमोर विचारतो — "यंदा चन्नबसप्पा शेट पिस्तूल घेऊन येणार, का काठी टेकत?" अख्खी पंगत हसली. माझ्या वडिलांना, अप्पांना, असं बोलतो! याच माणसाला त्यांनी नांदेडच्या मैदानावर तीन साल हरवलंय. गेल्या साली अप्पांना अर्धांगाचा झटका आला, उजवं मनगट ढिलं पडलं, तेव्हा कुठं नेमबाजीची शील्ड याच्या घरी गेली. मला राहवलं नाही. म्हणालो, अप्पा यंदा उतरणार.

"न्हाई जमलं तर तू ये की, वीरण्णा. नियम हाय — परवाना ज्याच्या घरात, त्या घरातलं कुणीही एक." परत हसले. माझा नेम साऱ्या मुलखाला मालूम आहे.

माघ शुद्ध १२

अप्पांना भीत भीत सांगितलं. रागावले नाहीत. उजवा हात मांडीवर घेऊन बघत बसले. "डोळा हाय. बोट दाबतंय. पण पिस्तूल उडालं की मनगट झटका सोसत न्हाई, बाबा."

मग झटकाच कमी केला तर? रेल्वेचा गोरा इंजिनीर जाताना अप्पांना पिस्तुलासोबत एक चिमटा देऊन गेला होता. वापरलेल्या पुंगळीत नवी टोपी बसवायची, दारू घालायची, वर शिशाची गोळी दाबायची — घरच्या घरी काडतूस तयार. बाजारचं काडतूस शिकारीसाठी भरलेलं, म्हणून लाथ मारतं. आपण हलकं भरू!

कोठीघरात सरकीच्या पोत्यांमागं चिमटा सापडला. गंजलाय, पण चालतो. मी आज दिवसभर तो चिमटा उघडझाप करून राहिलो.

माघ वद्य ५

हैदराबादेहून परवान्यावर दारू आणि टोप्या आल्या. पहिली खेप भरली. मळ्यात विहिरीमागच्या मातीच्या ढिगाला कागद लावून उडवली. झटका कमी झाला का? काही कळेना! माझा हात तालमीतला. मला जुन्या काडतुसाचाही झटका कळत नाही आणि नव्याचाही.

नाजूक मनगटाचं माणूस पाहिजे.

माघ वद्य ६

महानंदेला मळ्यात नेलं. आधी म्हणाली, "बायकोला गोळ्या घालायला आणलंत का?" मग बाजारचं एक काडतूस तिला मुद्दाम उडवायला दिलं, म्हणजे फरक सांगता येईल. पिस्तूल हातातून पडता पडता राहिलं. मनगट धरून खाली बसली आणि मला जे बोलली ते इथं लिहीत नाही.

मग माझं भरलेलं दिलं. उजवा हात दुखत होता म्हणून डाव्या हातानं धरलं. उलटंच सगळं. म्हटलं, असू दे, झटका सांगितला म्हणजे झालं.

"मघाचं गाढव होतं. हे बी गाढवच हाय, जरा म्हातारं."

हे बरं माप मिळालं. आता गाढवाची शेळी करायची.

अप्पांना सांगितलंय की मीच उडवतो. सून पिस्तूल चालवते म्हटलं तर घरात काय होईल सांगता येत नाही. त्यांच्यासमोर ती अजून मान वर करून बोलत नाही.

माघ वद्य १४. महाशिवरात्र

सिद्धेश्वराची जत्रा. शोभेच्या दारूचे आवाज, त्यात आमचे कुणाला ऐकू येतात! दारू आणखी कमी केली. महानंदा म्हणाली, "शेळी. पण चिडलेली."

पण गोळ्या कागदावर कुठंही जातात. एक वर, एक ढिगाच्या बाहेर. रेणुकादास मास्तरनं चिमट्यासोबतचं इंग्रजी चोपडं वाचून दाखवलं. शिसं फार मऊ आहे, नळीत घासून पसरतं. थोडं कथील मिसळायचं. कल्हईवाल्याकडून आणतो उद्याच. आणि गोळीच्या खाचेत म्हणे जनावराची चरबी भरायची. शिव शिव. गळ्यात लिंग आहे माझ्या! मास्तरला म्हटलं, पुढचं पान वाच.

फाल्गुन शुद्ध ३

चरबी नाही, तर तूप! मला सुचलं. चरबीचंच काम करतं आणि सोवळं. घरचं, गाईचं. महानंदेनं वाटीभर दिलं तेव्हा तोंड वाकडं केलं, "पोळीला पुरत न्हाई आणि गोळीला." खाचांमध्ये छान बसलं. दोन डबे भरून ठेवले. नांदेडपर्यंत पुरतील एवढी काडतुसं.

फाल्गुन शुद्ध ५

मुंग्या.

दोन्ही डबे काळे! सगळ्या काडतुसांवर रांगा. उन्हानं तूप वितळून आत दारूत उतरलं. उडवलं की फुस्स. एक गोळी तर नळीतच अडकली. काडी घालून हळूहळू ठोकून काढली, तोवर जीव थाऱ्यावर नव्हता. महानंदा विहिरीच्या काठावर बसून पोट धरून हसली. "काडतुसं न्हाईत, लाडू केलेत तुम्ही." मी रागानं तिच्याशी बोललो नाही. नंतर मलाही हसू आलं, पण तोंड फिरवून हसलो.

फाल्गुन शुद्ध ९

मधाच्या पोळ्याचं मेण आणि एरंडेल. वितळत नाही, मुंगी फिरकत नाही. गोळीत कथील. जमतंय!

फाल्गुन शुद्ध १४

आज कागदावर पाचही गोळ्या पोळीएवढ्या गोलात. पहिल्यांदाच! मी तिथंच ओरडलो. महानंदा म्हणाली, "शेळी. गरीब." कागद घडी करून अप्पांपुढे ठेवला. भिंग घेऊन बराच वेळ बघत बसले. विचारलं, "कोण उडवून राहिलंय?"

"मीच."

"तू?" अप्पा हसले, हसता हसता ठसका लागला. पाणी आणून दिलं. काडतूसच तसं आहे म्हटलं, अप्पा, आंधळ्यानं उडवलं तरी लागतं. त्यांनी कागद उशाखाली ठेवला.

फाल्गुन वद्य ७

दारू आणखी थोडी कमी. गोल आता वाटीएवढा. काडतूस दिवसेंदिवस सुधारतंय! महानंदेला रोज न्यावं लागत नाही, तीच तयार होऊन बसते. सकाळची पूजाही लवकर उरकते. तिची पूजा म्हणजे पूजा. डाव्या तळव्यावर लिंग धरून बसली की पापणी लवत नाही. माझ्या हातात लिंग असतं आणि मन अडतीच्या दुकानात.

आज तिनं पिस्तूल खाली ठेवून सांगितलं, "मांजर. झोपेतलं." म्हणजे अप्पांचं मनगट सोसणार. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की विहिरीला एक फेरी मारून आलो.

चैत्र शुद्ध १. पाडवा

गुढी उभारली. दुपारी कागद आणला — गोल सुपारीएवढा. खोटं नाही, सुपारी ठेवून बघितली. अप्पा म्हणाले, "शेषेरावाला गेल्या साली असा कागद जमला नव्हता."

चैत्र शुद्ध ८

अप्पांना बैलगाडीनं मळ्यात नेलं. महानंदा घरी राहिली. तिला यायचं होतं, पण कसं नेणार. अप्पांनी उजव्या हातानं पिस्तूल उचललं, डाव्याचा आधार दिला. उडवलं. मनगट हललंच नाही! मी देवाचं नाव घेतलं.

पण गोळ्या विखुरल्या. ताटभर. परत उडवल्या, परत ताटभर. मी पिस्तूल घेऊन उडवलं तर एक कागदाबाहेर. काही तरी बिघडलं. दारूला ओल लागली? मेण जास्त झालं? आठ दिवसांवर स्पर्धा आलीय आणि माझं काडतूस मला दगा देतंय.

अप्पा गाडीत निवांत बसले होते. "काडतूस ठीक हाय," एवढंच. परत येताना तर गाणं गुणगुणत होते. मला रडू यायचं बाकी राहिलं.

चैत्र शुद्ध ९

त्याच डब्यातली महानंदेला दिली. सुपारी!

म्हणजे माल एकसारखा नाही. काही चांगली, काही वाईट, आणि चांगली तेवढी तिच्याच वाट्याला येतात. सगळी मोडून परत भरतो.

चैत्र शुद्ध १४

सगळी नव्यानं भरली. बोटं काळी झाली. उद्या पहाटे मोटारीनं नांदेड. अप्पांनी हुकूम केला, "सुनेला बी घ्या. गुरुद्वारा बघंल, गोदावरी बघंल." चांगलं केलं. ती नसली की ही काडतुसं बिथरतात असं मला वाटायला लागलंय.

चैत्र वद्य १. नांदेड

टेबलावर नाव लिहून घेत होते. अप्पा काठी टेकत गेले आणि म्हणाले, "महानंदा. माझी सून." शेषेराव उठून उभा राहिला. अप्पा म्हणाले, "घरातलं कुणीही एक. तुमीच सांगितलं होतं आमच्या वीरण्णाला, पंगतीत."

तिनं पदर डोक्यावर घट्ट घेतला, पूजेला धरते तसा डावा हात डोळ्यांसमोर आणला. पापणी लवली नाही. मी इतके आठवडे काडतूस सुधारत होतो.

शील्ड आमच्याकडे. मोटारीत मी अप्पांना विचारलं, तुम्हाला कधी कळलं? म्हणाले, पहिल्या कागदावर; मळ्यात तुझ्याबरोबर जाणारं दुसरं होतंच कोण. मग मला सांगितलं का नाही?

"सांगितलं असतं तर तू तिला मळ्यात नेलं न्हाई असतं."

नसतं नेलं.