पट्ट्यांच्या टोपीतले पणजोबा

८ सप्टेंबर, सोमवार
पितृपक्षाची झाडलोट. येसाजी पणजोबांची तसबीर हातून पडली. बायकोने, रुचिताने, नेमकी तेव्हाच हाक मारली, माझी काय चूक? काच फुटली आणि मागे दुमडलेला अर्धा कागद बाहेर आला. इतकी वर्षं आम्ही छातीपर्यंतचेच पणजोबा पुजत होतो. खाली सायकल निघाली! मागे उतरत्या काठाचा गोल लाकडी ट्रॅक, परदेशी अक्षरं, साल १८९८. मोबाइल म्हणतो, फ्रेंच. सायकल शर्यतीचं पोस्टर.
म्हणजे पणजोबा फ्रान्समध्ये ट्रॅक रेसर होते. घरात ते एकटेच इतके गोरे कसे आणि ती पट्ट्यांची टोपी कसली, याचा आज उलगडा झाला. मलाही लहानपणापासून पायांत काहीतरी जाणवायचंच.

९ सप्टेंबर
२० तारखेला कळंबमध्ये ‘येसाजी चषक’ सायकल शर्यत. ग्रुपवर टाकलं. चषक कर्जतला करायला दिला. जिंकणार अर्थात मीच. मग सासुरवाडीत मला ‘बसून खाणारे जावई’ कोण म्हणतं बघतो. रुचिता म्हणाली, पितृपक्षात नवीन काही सुरू करत नाहीत. अगं, हे पितरांचंच कार्य आहे!

१० सप्टेंबर, पहाटे ५
सराव सुरू.

१० सप्टेंबर, सकाळी ९
डोळा लागला. उद्यापासून नक्की.

१३ सप्टेंबर
शाळेच्या मैदानाला पोस्टरसारखा उतार देण्यासाठी चार पाट्या माती टाकली. रात्रीत पावसाने नेली. इथे खेळाला वातावरणच नाही.

१४ सप्टेंबर
ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतात. काढले. पोशीरच्या रस्त्याला उतारावर वेग अप्रतिम. थांबलो ते दूधवाल्या हिरामणच्या भातात. धावत येऊन त्याने विचारलं, बिरेक कुठं हायेत रं? म्हटलं, घरी. मग त्याने आधी आडवं झालेलं भात उभं केलं, नंतर मला. गुडघ्याला प्लॅस्टर.

१६ सप्टेंबर
दुखापत खऱ्या खेळाडूलाच होते. आता मी आयोजक. प्रमुख पाहुणी गोदूआत्या. वय शहाऐंशी. पणजोबांना डोळ्यांनी पाहिलेलं माणूस ती एकटीच उरली आहे.

२० सप्टेंबर
चौदा सायकली आल्या. सासरेही आले. आत्याच्या हातात माइक दिला, तिथेच घात झाला. म्हणाली, आमच्या आज्याचा फोटू कुनी काढलाच नाय. तुझ्या बापाचं लगीन ठरत हुतं, भितीवर एक बी पूर्वज नाय तर सोयरे काय म्हनतील? मंग नेरळच्या जुन्या सामानवाल्याकडं ह्यो मिशीवाला गावला. आजा कुठला सायकल चालवतोय? त्यो बैलगाडीत पन डोळे मिटून बसायचा!
सगळं मैदान हसलं. सासरे सगळ्यात जास्त. मला मातीत गडप व्हावंसं वाटलं, पण तीही पावसाने नेलेली. चषक हिरामणने नेला, तोही दुधाचे कॅन न उतरवता.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
पोस्टर फाडून टाकणार होतो. आत्याने हात धरला. पन्नास वरसं जेवतोय त्यो हितं, आता पानावरनं उठवतोस व्हय रं त्याला? रुचिताने कागद पूर्वीसारखा दुमडला, नवी काच बसवली, नैवेद्य ठेवला.
मी नमस्कार केला. गुडघा काही वाकला नाही. ते समजून घेतील. सायकलवाले आहेत.