मौन धरलेल्या अर्जदाराची फेरचौकशी

प्रति,
मा. शस्त्र परवाना अधिकारी,
जिल्हा शस्त्र परवाना शाखा, पुणे.

अर्जदार : सौ. वैभवी सिद्धू कोकरे, रा. उरवडे, ता. मुळशी.
व्यवसाय : खासगी गुप्तहेर (लग्नाआधीची चौकशी)

विषय : गुप्तहेर व्यवसायात जिवाला धोका असल्याने मागितलेल्या शस्त्र परवान्याची फेरचौकशी होणेबाबत.
संदर्भ : माझा अर्ज नामंजूर केल्याचे आपले पत्र.

महोदय,

आपले पत्र पोहोचले. देवापुढे ठेवून मग उघडले. त्यातील कारणांबाबत माझे म्हणणे असे आहे.

१. माझे पती सिद्धू व मी लग्न ठरण्याआधी मुलामुलींची चौकशी करून देतो. ते बाहेर फिरत, मी बायकांत बसून माहिती काढत असे. घोटावड्याच्या एका मुलाचे आधीच लग्न झाले असून बायको नांदते आहे, हे आम्ही मुलीकडच्यांना कळवले. लग्न मोडले. त्यानंतर ताम्हिणीकडून येताना पतींची गाडी अडवून डोक्यात लोखंडी गज घातला गेला. ते वाचले, पण बोलायचे थांबले. आता त्या मुलाचा चुलता मोटारसायकलवर आमच्या फाटकाशी येतो. काही करत नाही. गाडी चालू ठेवून उभा राहतो आणि जातो. घरात पती, म्हाताऱ्या सासूबाई अंबाबाई आणि मी, एवढेच आहोत.

२. "अर्जदार मुकी आहे, इशारा देऊ शकणार नाही," हे आपले पहिले कारण. पती बोलते होईपर्यंत, सकाळी उठल्यापासून दुपारचा नैवेद्य होईपर्यंत बोलायचे नाही, असा नेम मी देवीपुढे धरला होता. आपल्याकडून चौकशीला आलेले हवालदार सकाळीच आले. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "तिचं मौन हाय. दुपारी या, न्हाईतर बसा हितंच." हवालदार म्हणाले, "आजी, मला काय हे एकच घर आहे का?" मी उत्तरे कागदावर लिहून दिली. तोंडी जबाब लागतो, असे सांगून त्यांनी कागद परत दिला, चहा घेतला आणि शेरा लिहिला : अर्जदार बोलत नाही, पतीही बोलत नाहीत, घरात फक्त सासू बोलते. शेरा खोटा नाही. वेळ सकाळची होती, एवढेच.

३. धोक्याचा पुरावा नाही, हे दुसरे कारण. खासगी गुप्तहेराला वेगळी सवलत नसून इतरांप्रमाणेच पुरावा द्यावा लागतो, हे मला मान्य आहे. परंतु हल्ल्याचा गुन्हा अनोळखी इसमावर आहे, कारण नाव पतींनीच सांगायला हवे. धमकीचा फोनही आला होता. तोही सकाळी. "नवऱ्याचं झालं, आता तुझं," असे म्हणून समोरचा माणूस "ऐकतीयास का, कोण हाय?" असे विचारत राहिला. मी ऐकत होते. फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज नसल्याने धमकी मलाच मिळाली हे ठरत नाही, असे ठाण्यात सांगण्यात आले.

४. व्यवसाय बंद केल्यास धोका राहणार नाही, असेही आपण सुचवले आहे. आम्ही बंद केल्याचे फाटकाशी येणाऱ्याला कोणी कळवायचे, याचा पत्रात उल्लेख नाही. शस्त्र हातात घ्यायची मला हौस नाही. रोज दिव्यापुढे मी तेच सांगते. पण घरातली दोन्ही माणसे उठून पळू शकणारी नाहीत. म्हणून प्रशिक्षण पूर्ण केले. तेथे गोळी झाडण्याआधी "तयार" असे मोठ्याने म्हणावे लागते. ते जमायला वेळ लागला, माझा आवाज मुळातच लहान आहे.

५. आता नवीन बाब. गेल्या सोमवारी सकाळी मी तुळशीला पाणी घालत असता मोटारसायकल फाटकाशी येऊन थांबली. ओट्यावर बसलेले माझे पती म्हणाले, "दार लाव." मी "व्हय" म्हटले. त्यांना आत घेतले आणि दार लावले. सासूबाईंनी साखर वाटायला काढली, तर शेजारणीला मागच्या दाराने यावे लागले. पोलीस जबाब घेऊन गेले. कोणी मारले, कशाने मारले, सगळे विचारले. दरवेळी पती "दार लाव" म्हणाले. जबाबात तेवढेच आहे.

तरी माझा नेम पूर्ण झाला असून मी आता सकाळीही बोलते. आपले पहिले कारण उरलेले नाही. फेरचौकशीस कोणत्याही वेळी माणूस पाठवावा. फक्त त्याने गाडी रस्त्यावरच बंद करून चालत यावे, ही हात जोडून विनंती. गाडीचा आवाज आला की पती दार लाव म्हणतात आणि मी लावते. नंतर कोणी कितीही हाका मारल्या तरी उघडत नाही. मग आपला माणूस बाहेरूनच परत जाईल आणि शेरा लिहील की घरात कोणी राहत नाही.

आपल्या माणसाची वाट पाहणारी,
नम्र अर्जदार,
सौ. वैभवी सिद्धू कोकरे
उरवडे, दि. २० नोव्हेंबर २०२५

सोबत : १) पतींचे दवाखान्याचे कागद. २) शस्त्र हाताळणी प्रशिक्षणाचा दाखला (दुपारची तुकडी). ३) हवालदारांनी परत दिलेला उत्तरांचा कागद.