हात हलवत राहा

२ जानेवारी, सकाळी ९.४०
नवीन वर्ष, नवीन डायरी. संकल्प एकच. इमारतीला ग्रीन सर्टिफिकेट, मला 'सस्टेनेबिलिटी हेड'ची पोस्ट. मालकांनी शब्द दिलाय. म्हणजे 'बघू' म्हणाले. मॅनेजर म्हणून इतकी वर्षं काढली, त्यांचं 'बघू' मला कळतं.

५ जानेवारी
महामारीनंतर नऊपैकी सात मजले रिकामेच आहेत, दुसरा आणि आठवा तेवढे चालू. लोक घरून काम करतात म्हणे. वीज निम्म्याने कमी लागली. अहवालात लिहिलं, 'मॅनेजरच्या अथक प्रयत्नांमुळे'. सातही मजल्यांना कुलपं ठोकली. आता बचत अधिकृत झाली.

११ जानेवारी
सगळीकडे सेन्सरचे दिवे. माणूस हलला की लागतात, मिनिटभर हलला नाही की जातात. शिवाय कुठल्या खोलीत किती हालचाल झाली, त्याची नोंद ठेवतात. दुसऱ्या मजल्यावरचे वकील तणतणत आले, फाईल वाचता वाचता अंधार होतो म्हणून. त्यांना सांगितलं, हात हलवत राहा. कामाच्या माणसाला अंधाराची भीती नसते.

१४ जानेवारी, दुपारी २.१५
माझ्या केबिनमधला दिवाही जातो. चिंतनाला बरं. जरा डोळे मिटतो.

१४ जानेवारी, ५.३०
बरंच चिंतन झालं.

२० जानेवारी
सफाईवाल्या मावशींची बसायची खोली काढून घेतली. तिथे आता 'वेलनेस कॉर्नर'. दोन गोल दगड आणि प्लास्टिकची वेल. तिला पाणी लागत नाही, म्हणजे पाण्याचीही बचत. मावशींनी विचारलं, डबा कुठे खाऊ? म्हटलं, जिन्यात हवा खेळती असते, दिवा गेला तर हात हलवत राहा. गेल्या. सतरा वर्षांत कधी उलट बोलल्या नाहीत, हा त्यांचा मोठा गुण.

२ फेब्रुवारी
लिफ्ट बंद केली. मावशींचे गुडघे दुखतात म्हणे. चढण्याने गुडघे सुधारतात, कुठेतरी वाचलंय. घरी ही म्हणाली, मग तुम्हीही चढा की. माझी केबिन तळमजल्यावर आहे, हे हिला कोण सांगणार.

२८ फेब्रुवारी
सर्टिफिकेटचं ऑडिट तोंडावर आणि मावशींचा हा निष्काळजीपणा. सहाव्या मजल्याच्या जिन्यात दमून बसल्या, हलल्या नाहीत. अंधारात उठताना पाय चुकला. उजवा हात मोडला. फार वाईट वाटलं. अहवालात लिहिलं, 'अपघात शून्य'. जेवणाच्या सुट्टीत पडणं ही खाजगी बाब. मावशींना बिनपगारी विश्रांती दिली. 'सामाजिक जबाबदारी'चा रकाना रिकामाच होता, तिथे ही विश्रांती टाकली.

९ मार्च
ऑडिटरबाई आल्या. सेन्सरच्या नोंदी मीच पुढे केल्या. लपवाछपवी आपल्याला जमत नाही. बाई मावशींच्या घरीही जाऊन आल्या. कशाला, देव जाणे. मला एकच प्रश्न, केबिनमध्ये किती वेळ बसता? नऊ ते सहा, जागचा हलत नाही, मी छाती फुगवून सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं.
नवीन व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली.

२४ मार्च
सर्टिफिकेट मिळालं नाही. अपघात लपवल्याचा शेरा. आणखी एक शेरा: 'मॅनेजरच्या केबिनमध्ये रोज सरासरी अकरा मिनिटं हालचाल. खोली वापरात दिसत नाही. सफाई कर्मचाऱ्यांना द्यावी.' मालकांना परोपरीने सांगितलं, मी असतो हो तिथे, फक्त हलत नाही. मालक म्हणाले, तेच तर. महिन्याची नोटीस.
कार्डं आली. पाचशे.

३ एप्रिल, दुपारी १.२०
लिफ्ट सुरू झाली. मावशी कामावर आल्या. हात अजून प्लास्टरमध्ये, हलवता येत नाही, म्हणून मालकांनी माझ्या केबिनमधला सेन्सर काढून त्यांच्यासाठी साधं बटण बसवलं. नोटीस संपेपर्यंत मी कुठे बसू, विचारलं. कुठेही बसा म्हणाले. रिकाम्या मजल्यांना कुलपं, किल्ल्या आता मालकांकडे. म्हणून जिन्यात बसून लिहितोय. हवा खेळती आहे, मी खोटं बोललो नव्हतो. पण मिनिटामिनिटाला अंधार होतो. मघाशी मावशी डबा घेऊन केबिनकडे निघाल्या होत्या. मला बघून थांबल्या. म्हणाल्या, साहेब, हात हलवत राहा.
हलवतोय. म्हणून अक्षर असं येतंय.