भाकरी मोडतानाचा आवाज

आबा, आज तासगावच्या स्टँडसमोरून एक रिक्षा भोंगा लावून गेली. साडीसेलची जाहिरात होती. चालवणारा गप्प बसलेला आणि आधीच भरून ठेवलेला आवाज तेच तेच बोलत होता. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आरं, ह्या आवाजाला गाव दिसतंय का तरी?" मी सांगलीची एसटी धरली आणि वाटेत ठरवलं, की आबांना एकदा सगळं सांगून टाकायचं. तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली, की मोबाईल म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागेल, पण ते राहू दे.

मी कॉलेजला जाते. हसू नका. सांगलीत माझ्यासारख्या शिक्षण सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी वर्ग निघालाय, ऑनलाइन धंदा आणि डिजिटल मार्केटिंगचा. म्हणजे तुमचंच जाहिराती पुकारायचं काम, रिक्षाऐवजी मोबाईलवरून. गिऱ्हाईक कुठलं, कोणत्या वेळी मोकळं असतं, हे बघून जाहिरात सोडायची. तुम्ही नाही का, बाया पाण्याला निघायच्या वेळीच साडीसेल घेऊन गावात शिरायचात! आमचे सर माझ्या भाच्याच्या वयाचे आहेत, पण शिकवतात जीव लावून. घरी आमच्या यांची काही हरकत नाही, माझ्या वर्गाच्या दिवशी डबा स्वतः भरून घेतात. थोरले दीर मात्र मला ऐकू जाईल अशा बेतानं यांना म्हणाले, "आता आपल्या घरातल्या बाया मोबाईलवर वरडून बेदाणं इकनार व्हय?" मी आतून कणीक तिंबत ऐकलं. मला दिरांचा राग आला नाही. मला तुम्ही आठवलात.

सावळजची वाट आहे. शाळेला सुट्टी म्हणून मी रिक्षात तुमच्या मांडीला टेकून बसलेय. माइकला तुमचा रुमाल गुंडाळलेला, त्याला तंबाखूचा वास. "आलाय होऽऽ आलाय, बाजारपेठेत भव्य सेल आलाय होऽऽ" हे मला तुमच्याइतकंच पाठ झालंय. मी विचारते, "आवं आबा, मीबी बोलू का?" आणि हात पुढं करते. तुम्ही माइक ओढून घेता. "गप बस. पोरीच्या जातीचा आवाज भोंग्यावर गेला, की चारी वाटांनी जातोय. परत गोळा करता येत न्हाई." तुम्ही ओरडला नव्हतात, पण माझा हात तसाच वर राहिला. राग आला होता मला, आबा. थोडा अजूनही आहे.

म्हणून तर हा वर्ग सोडायचा नाही असं मी ठरवलंय. आमच्या गल्लीत एक बाई आहे, नवऱ्यामागं बेदाणे वाळवायचं शेड एकटी चालवते. सरांनी सांगितलं होतं, की परीक्षा कागदावर नाही, खऱ्या दुकानाचा खरा माल विकून दाखवा. मी तिच्याकडे गेले. ती म्हणाली, "तुझा व्हिडिओ बघून गिऱ्हाईक आलं, तर फुडच्या हंगामाचं समदं काम तुझं. न्हाई आलं, तर माजा येळ खाऊ नगंस." मला ते काम हवं होतं. माझं स्वतःचं, माझ्या तोंडानं मिळवलेलं.

मग काय, शेडवर उभी राहिले, मोबाईल लावला आणि दिला आवाज सोडून. "आलाय होऽऽ आलाय, तासगावचा बेदाणा आलाय!" शेडवरच्या बाया काम टाकून बघायला लागल्या. आपण बाजी मारली अशा तोऱ्यात मी ते वर्गात दाखवलं. सर कानाला हात लावून हसले. "ताई, समोरचा माणूस दोन मळे ओलांडून उभा नाहीये. मोबाईल हातात घेऊन बसलाय. त्याच्या कानात ओरडताय तुम्ही." वर्गही हसला. आबा, भोंग्याच्या घरात वाढलेल्या पोरीला दुसरा आवाज कुठला ठाऊक असणार?

घरी येऊन भाकऱ्या थापायला बसले आणि दुसरा आवाज आठवला. दिवसभर फिरून तुमचा घसा बसलेला असायचा. आई ज्येष्ठमधाचं गरम पाणी पुढं ठेवायची आणि तुम्ही भाकरी मोडत, अगदी हळू, आम्हा दोघींनाच ऐकू येईल असं बोलायचात. "आज एका मळ्यात द्राक्षाचा घड दिला बघ एकानं. साल अशी पातळ, की दात लावायच्या आधीच फुटतीया." घड अजून पिशवीतच असायचा आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी शेडवर जाऊन बेदाणे वाळत घातलेल्या एका जाळीपाशी खाली बसले. एक बेदाणा तोंडात टाकला आणि मोबाईल जवळ धरून तुमच्या त्या हळू आवाजात सांगितलं, की आधी साखर लागते, मग शेवटी एवढीशी आंबट चव उरते, ती खरी. बस, एवढंच बोलून व्हिडिओ सोडला.

पहिला फोन पाचगणीहून आला. तिथल्या एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाई होत्या. म्हणाल्या, "आवं, तुमी शेजारी बसून सांगताय असंच वाटलं बघा. पाठवा." मग आणखी आले. शेडवाली म्हणाली, "लय शानी हायस." हंगामाचं काम मला मिळालं. थोरले दीर अजून फुगलेले आहेत. असू देत. परवा त्यांच्याच मोबाईलवर माझा व्हिडिओ वाजत होता.

आवाज परत गोळा करता येत नाही म्हणाला होतात ना? मला तो गोळा करायचाच नाही, आबा. जाऊ दे चारी वाटांनी.

हे पत्र वहीतच राहील. तुम्हाला पाठवायचं तरी कुठल्या पत्त्यावर? फक्त एक सांगते, जे मी सरांनाही सांगितलेलं नाही. वर्गात सगळे म्हणतात, ताईंनी वडिलांचा भोंगा पुढं चालवला. नाही. भोंग्याचा आवाज गावाचा होता, तो सगळ्यांनी ऐकलाय. मी बाजारात मांडला तो दुसरा, आई आणि मी सोडून कुणी कधी न ऐकलेला. तुम्हाला न विचारता.