वीस मशिनी आणि खंडेनवमी

३ ऑक्टोबर २००५, पुलगाव

पुन्हा मेन स्विच ओढला! सकाळी कॉलेजची कॉम्प्युटर लॅब उघडली तर वीसच्या वीस मशिनी थंडगार. आमचे शिपाई चंद्रभानभाऊ वर मलाच शिकवतात — "कोनी बसलं नाई त चालू काऊन ठेवाचं, म्याडम?"

किती वेळा सांगू! रिकामी दिसते ती मशीन, पण आतून काम करत असते. सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या औषधाचं एवढं मोठं गणित, एका ठिकाणी होत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याचे तुकडे पाडून इंटरनेटवरून जगभरच्या कॉलेजांना वाटले. आमच्याकडे वीस आले, मशिनीला एक. चौदा तारखेच्या संध्याकाळपर्यंत परत पाठवायचे, नाही तर रद्द. लोडशेडिंगमध्ये रोज सहा तास जातातच, त्यात हा माणूस!

सिकलसेल माझ्या भावाला आहे. रुपेश एकोणीस वर्षांचा आहे.

५ ऑक्टोबर

मशिनी रात्रंदिवस चालू ठेवायची परवानगी भांडून आणली. "कॉलेजचं नाव छापून येईल ना?" प्राचार्यांनी एवढंच विचारलं.

रुपेश लॅबमध्ये आला होता. सात नंबरच्या मॉनिटरवर स्वतःच्या नावाची चिठ्ठी चिकटवून गेला. "हे मायी मशीन, ताई. हिचं काम पयले झालं पाह्यजे!" चंद्रभानभाऊ दारात उभे राहून हसत होते. मला नाही हसू आलं. लाइट जाऊन आली की वीस बटनं पुन्हा कोण दाबतं? मीच!

९ ऑक्टोबर

रुपेशचे गुडघे दुखायला लागले, मग कंबर. सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती केलं. तो ओरडत होता तेव्हा बाजूच्या कॉटवरची बाई म्हणाली, "एवढा जवान पोरगा, काऊन रडून राह्यला?" थोबाड फोडावंसं वाटलं तिचं.

उद्यापासून रजा. चंद्रभानभाऊंना फोनवर दहादा बजावलं — मेन ओढायचा नाही! लाइट आली की सगळी बटनं दाबायची! "हो म्याडम, हो म्याडम." डोंबलाचं हो म्याडम.

१२ ऑक्टोबर

आज दसरा, पण यंदा दीक्षाभूमीला जाणं राहिलं. आईने कॉटजवळ बसूनच वंदना घेतली.

१३ ऑक्टोबर

आग लागो! लॅबच्या दारातच डोकं सणकलं. खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा केली यांनी! झेंडूचे हार, कीबोर्डवर हळदकुंकू, वर कव्हरं. समोरच्या रांगेचे सगळे प्लग काढलेले. ऑफिसातला बाबू म्हणतो, पूजलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावत नाहीत. हत्यार! अरे, त्यात माझ्या भावाचं औषध शोधणं चालू होतं! दोन दिवस गेले, आता काही होत नाही.

किल्ली चंद्रभानकडे. म्हणजे चंद्रभाननेच केलं. मी आत गेलेच नाही, सरळ ऑफिसात जाऊन अर्ज लिहिला — मुद्दाम काम बंद पाडलं, कारवाई व्हावी. प्राचार्यांनी वाचला, मान हलवली. "गंभीर आहे." गंभीरच आहे! भाऊ तिकडे तडफडतोय आणि हे इकडे झेंडू वाहून राह्यले!

तशीच सेवाग्रामची बस पकडली. लॅबचं तोंडसुद्धा पाहायचं नव्हतं मला.

१४ ऑक्टोबर

शेवटचा दिवस म्हणून लॅबमध्ये गेले. एकोणीस तुकडे बुडाले. सात नंबर चालू होती. मॉनिटर बंद, पण कव्हर उचललं तर खालचा डबा घुमत होता. तुकडा पूर्ण. पाठवला. वेळेत पोचला.

चंद्रभानभाऊंना सकाळपासून लॅबमधून काढून गेटवर बसवलंय. हातात मेमो. त्यांच्यासमोर उभी राहिले.

"पूजा प्राचार्य सायबानं कराले लावली, म्याडम. बंद कराले बी त्यायनंच सांगतलं. पन सातवर रुपेशचं नाव हाये, अन् थो पडला दवाखान्यात. त्याच्या नावाची मशीन बंद कशी करू? लाइट आली का बटन दाबून जात व्हतो. दसऱ्यालेबी सायकलनं दोनदा आलतो."

अर्ज परत मागायला गेले. प्राचार्य म्हणाले, "आवक नंबर पडला. आता निघत नाही." पूजा कोणाच्या हुकमाने झाली, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.